घरातल्या बैठकीत लोकगीतं ऐकायची असतील तर

साताऱ्याला आमच्या जुन्या घराच्या माजघरात दर हिवाळ्यात एक बैठक होते. ऐकणारे पंचवीस, त्याहून एकही जास्त नाही. माइक नको, मंच तर नकोच. सतरंजीवर गाणारे आणि ऐकणारे गुडघ्याला गुडघा लावून बसले पाहिजेत.

हिवाळा मुद्दाम निवडा. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि हलगी भद्द वाजते. थंडीतही मागच्या पडवीत शेगडी पेटती हवी. आमचा हलगीवाला दोन गाणी झाली की उठतो, निखाऱ्यावर हलगी गोल फिरवतो, बोटाने टिचकी मारून बघतो, पुन्हा फिरवतो. आवाज कडक निघेपर्यंत त्याला घाई करू नका. तेवढ्यात तुणतुणं जुळवून होतं. संबळ असेल तर तो कोपऱ्यात बसवा आणि मागच्या भिंतीला गोधडी टांगा, नाहीतर लहान खोलीत गाण्याचे शब्दच ऐकू येत नाहीत.

सुरुवात ओवीने करा. पहिल्या वर्षी जवळच्या गावातल्या एका आजींना बोलावलं आणि मानाने खुर्चीवर बसवलं. दोन ओव्या झाल्या आणि त्या अडल्या. म्हणाल्या, "हाताला काम न्हाई, मग आठवंल कसं?" परसातलं जातं आत आणलं, झाडून पुसून पसाभर ज्वारीची वैरण घातली. खुंटा हातात आला आणि आजी अर्धा तास थांबल्या नाहीत. तेव्हापासून जातं आधीच मांडलेलं असतं.

मग गवळण, भारूड आणि त्यानंतर नवी गाणी. गिटार घेऊन येणाऱ्या मुलांना आदल्या दिवशीच बोलवा. आजींची पट्टी धरून तालीम करायची, कारण कॅपो, म्हणजे तारांवर बसवायचा चिमटा, सरकवला की गिटारची पट्टी बदलते, सत्तरीतला गळा तसा सरकत नाही.

गोंधळी येणार असतील तर आधी त्यांच्याशी बोला. चौक, घट, दिवटी हा त्यांच्यासाठी देवीचा विधी आहे. त्यातलं बैठकीत काय गायचं, हे त्यांनीच ठरवायचं.

बिदागी आधी ठरवा आणि आल्याआल्या पाकीट हातात द्या. आजींना आणि गिटारवाल्यांना सारखीच. एका कार्यक्रमात शाल-नारळ देऊन कलावंतांची बोळवण केलेली मी पाहिली आहे. एसटीचं भाडंही त्यांच्याच खिशातून गेलं. ते मला आजही सहन होत नाही.

रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय करू नका, पण वही जरूर ठेवा. जात्यावरच्या ओव्यांचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या गाणारीच्या नाव-गावासकट. तुम्हीही ओवीखाली नाव, गाव आणि ती कुणाकडून आली ते लिहा. आमच्या वहीत पहिल्या ओवीखाली लिहिलंय: सासूकडून, पहाटे दळताना.