पोकलेनच्या कंट्रोलरांचा आपसांतील संपर्क तुटल्यास दोष कसा शोधावा

निपाणीपासून खानापूरपर्यंत महामार्गाच्या कामावर, जांभ्याच्या खाणीत किंवा खडी क्रशरवर उभ्या असलेल्या आजच्या पोकलेनमध्ये इंजिनाचा, हायड्रॉलिक पंपाचा आणि केबिनमधील डिस्प्लेचा कंट्रोलर वेगवेगळा असतो आणि हे सारे एकमेकांना पिळलेल्या दोन तारांवरून संदेश पाठवतात. या व्यवस्थेला कॅन (कंट्रोलर एरिया नेटवर्क) म्हणतात. संदेश अडला, की इंजिनाचा वेग वाढत नाही, डिस्प्ले कोरा पडतो किंवा एकाच वेळी अनेक दोषसंकेत झळकतात, आणि नेमक्या याच वेळी मालकाला 'कंट्रोलर गेला आहे, नवा बसवा' असा सल्ला मिळतो. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. दोष सहसा तारांत, कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या खटक्याच्या जोडात), फ्यूजमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असतो. ते तपासल्याशिवाय कंट्रोलरला हात लावू नये.

प्रथम सर्व दोषसंकेत उतरवून घ्यावेत; पुसू नयेत. जे-१९३९ पद्धतीच्या (अवजड यंत्रांतील कॅन संदेशांच्या प्रमाणित पद्धतीच्या) यंत्रावर एसपीएन, म्हणजे दोष कशात आहे ते सांगणारा क्रमांक, ६३९ दिसला, तर तक्रार संपर्कजाळ्याबद्दलच आहे असे समजावे, आणि एफएमआय, म्हणजे दोषाचा प्रकार सांगणारा क्रमांक, ९ असेल तर अपेक्षित संदेश वेळेवर येत नाही असा त्याचा अर्थ होतो. मात्र संकेतापेक्षा कोण कोणाबद्दल तक्रार करतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. तीन कंट्रोलर एकाच चौथ्याबद्दल तक्रार करत असतील, तर मुख्य तारा ठीक असून त्या चौथ्याचा वीजपुरवठा, अर्थिंग किंवा मुख्य तारांपासून त्याच्याकडे जाणारी फांदी तुटलेली असण्याचा संभव जास्त. सर्वच एकमेकांबद्दल तक्रार करत असतील, तर मुख्य तारांकडे वळावे. मालकाने किंवा कर्ज देणाऱ्याने नंतर बसवलेले जीपीएस यंत्र याच तारांना जोडलेले असेल, तर ते आधी काढावे आणि मगच पुढची मोजणी करावी.

चावी बंद करून बॅटरीची ऋण केबल काढावी. युरियाचे द्रावण वापरणाऱ्या यंत्रावर त्याआधी त्या द्रावणाच्या पंपाचे काम थांबेपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर निदान सॉकेटवर (दोषसंकेत वाचण्याचे उपकरण जिथे जोडतात तिथे) दोन कॅन तारांमधील रोध मोजावा. नऊ पिनांच्या गोल सॉकेटवर या तारा सहसा सी आणि डी पिनांवर असतात, परंतु काही कंपन्यांची जोडणी वेगळी असल्याने यंत्राचा वायरिंग नकाशा पाहावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रोधक गायब आहे किंवा मुख्य तार तुटली आहे. ४० च्या आसपास दिसले तर कोणीतरी तिसरा रोधक जोडला आहे. शून्याजवळ दिसले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

खरी अडचण ६० ओहम अगदी बरोबर दिसतात आणि तरीही यंत्र बंद पडते, तेव्हा सुरू होते. या टप्प्यावर मी स्वतः बराच काळ अडकत असे, कारण ६० म्हणजे तारा निर्दोष, असे मला शिकवले गेले होते. तसे नाही. सॉकेटवरील मोजणी दोन रोधकांपर्यंतची मुख्य वाट दाखवते. एखाद्या कंट्रोलरकडे जाणारी फांदी मध्येच तुटली असेल, तरी सॉकेटवर ६० च दिसतात. म्हणून ज्या कंट्रोलरबद्दल तक्रार आहे त्याचा कपलर सोडवून हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) बाजूने त्याच दोन पिनांवर पुन्हा मोजावे. तेथेही ६० आले तर फांदी त्या क्षणी तरी जोडलेली आहे. काहीच आले नाही तर ती तुटली आहे. १२० आले तर घाबरू नये, कारण काही यंत्रांत टोकाचा रोधक कंट्रोलरच्या आतच असतो आणि कपलर सोडवताच तो बाजूला होतो. हे नकाशावर पाहून घेतल्याशिवाय १२० ला दोष ठरवू नये.

दोष अधूनमधून येत असेल, तर तो कधी येतो हे ऑपरेटरला विचारावे, आणि त्याच्या उत्तरावर मीटरइतकाच विश्वास ठेवावा. खानापूरच्या पावसात सकाळी बंद पडणारे आणि दुपारी ऊन पडल्यावर नीट चालणारे यंत्र कपलरमध्ये पाणी शिरल्याचे सांगत असते. दोन तास काम केल्यानंतर, इंजिन तापल्यावर दोष येत असेल, तर टर्बोजवळून गेलेला हार्नेस पाहावा. खडक फोडणारा ब्रेकर लावल्यावरच येत असेल, तर सैल पिन किंवा क्लॅम्पखाली घासलेली तार शोधावी. बूमच्या मुळाशी आणि फिरत्या भागाजवळ ती विशेषकरून सापडते. मीटर जोडून ठेवून हार्नेस वीतभर-वीतभर हलवावा आणि आकडा उडतो ती जागा खुणेने पक्की करावी. थंड यंत्रावर हे करण्यात काही अर्थ नाही. दोष ज्या स्थितीत येतो त्याच स्थितीत मोजावे.

तारेच्या आवरणात सुई टोचून मोजणे मला अजिबात मान्य नाही. त्या छिद्रातून पाणी शिरते, तांबे हिरवे पडते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच नवा दोष तयार होतो. मीटरची जाड सळई मादी पिनमध्ये खुपसणेही तितकेच घातक आहे, कारण पिन पसरते आणि कपलर बसवल्यावर पकड राहत नाही. योग्य मापाची सुटी नर पिन घालून पकड तपासावी. ती सहज निसटत असेल, तर पिन बदलावी. कपलरवर जोरदार पाण्याचा फवारा मारू देऊ नये.

व्होल्टेज ऋण केबल पुन्हा जोडून, चालू यंत्रावर, बॅटरीचे ऋण टोक आधार मानून मोजावे: वरची तार (कॅन हाय) साधारण २.६ ते २.८, खालची (कॅन लो) २.२ ते २.४ व्होल्ट, आणि दोघींची बेरीज ५ च्या जवळपास. एक तार शून्यावर असेल तर ती यंत्राच्या सांगाड्याला टेकली आहे; बॅटरीच्या २४ व्होल्टांकडे झुकत असेल तर पुरवठ्याच्या तारेला लागली आहे. अशा वेळी एकेक कंट्रोलर चावी बंद करून सोडवावा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे. आकडा सुधारला, की तो कंट्रोलर किंवा त्याची फांदी दोषी. सोबत कंट्रोलरची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांतील फरकही पाहावा. भाराखाली तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असेल तर आधी अर्थिंग स्वच्छ करावे.

दुरुस्तीत तारांचा पीळ शक्य तितका जोडापर्यंत कायम ठेवावा, जोड एकमेकांसमोर न घेता मागेपुढे घ्यावेत आणि आतून गोंद असलेली संकोचनळी (उष्णतेने आवळणारी नळी) वापरावी. यंत्रावर वेल्डिंग करायचे असल्यास बॅटरी आणि कंट्रोलरचे कपलर आधी सोडवावेत. शेवटी संकेत पुसून, ज्या कामात दोष येत असे तेच काम एक पूर्ण पाळी करून घ्यावे, पुन्हा संकेत वाचावेत, आणि रोध व व्होल्टेजचे आकडे तारखेसह केबिनमधील वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या फिटरला तुलनेसाठी आधार मिळेल.