मेळाव्यात बॅचच्या वतीने बोलायचं असेल तर

माजी विद्यार्थी मेळावा जवळ आला की ग्रुपवर मेसेज पडतो, "आपल्या बॅचतर्फे कोण बोलणार?" सगळे वाचतात आणि गप्प बसतात. शेवटी जो गावातच राहिला त्याच्या गळ्यात हे काम पडतं. तुमच्या गळ्यात पडलं असेल तर भाषणाला लगेच हात घालू नका. आधी यादी करायला बसा.

ग्रुपमधले मेंबर म्हणजे बॅच नव्हे. जुनं मस्टर मिळालं तर उत्तम, पण तेही पुरत नाही. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचची यादी मी पहिल्या वर्षाच्या मस्टरवरून केली आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं साफ विसरलो. "पहिल्या दिवशी आपण सगळे भर पावसात..." असं मी माइकवर रंगवून सांगत होतो आणि त्यांच्यातलाच एक जण दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. चहाच्या वेळी म्हणाला, "छान बोललास. मी कुठल्या बॅचचा रे?"

तेव्हा हे लोक आधी शोधा: थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, वायडी (इयर डाउन, म्हणजे नापास होऊन वर्ष मागे पडणं) लागलेले आणि मधेच कॉलेज सोडून गेलेले. वायडीवाल्याला कुठल्या बॅचमध्ये बसायचंय, ते त्यालाच विचारा. मस्टरवर मुलींची माहेरची आडनावं असतात, त्यामुळे बिल्ल्यावर कुठलं नाव छापायचं तेही जिचं तिच्याकडून विचारून घ्या.

मग फोन. येणार नाहीत त्यांना आधी लावा, कारण येणारे स्वतःच बोलतील. "काही आठवणी सांग" म्हटलं की उत्तर येतं, "खूप आहेत रे," आणि पुढे काही नाही. त्यापेक्षा नेमकं विचारा: सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाची ड्रॉइंग शीट जीटी मारलीस, म्हणजे काचेवर ठेवून खालच्या उजेडात छापलीस? काच कुठून आणली, खाली बल्ब कुणी धरला? माणूस अर्धा तास बोलतो. त्यातलं एक वाक्य उचला आणि ते मंचावर नाव घेऊन सांगण्याची परवानगी घ्या.

कॉलेज आणि विद्यापीठाची नावं तपासा. मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या नावातलं 'व्ही' १९९७ पर्यंत व्हिक्टोरियाचं होतं, नंतर वीरमाता जिजाबाईंचं झालं. जळगावचं विद्यापीठ १९९० चं, त्यामुळे तिथल्या आधीच्या बॅचच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचं नाव आहे. मंचावर चुकलात तर समोरचे प्राध्यापक हटकून दुरुस्त करतात.

भाषण तीन मिनिटांचं. त्या दिवशी रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी अशा अनेक बॅच रांगेत असतात आणि जेवण थांबलेलं असतं. स्वतःच्या नोकरीचा, फ्लॅटचा आणि मुलांच्या परदेशाचा उल्लेख गाळलात की वेळ आपोआप पुरतो. शेरोशायरी नको.

गेलेल्या मित्रांची नावं घ्यायची असतील तर दोघांकडून तरी खात्री करून घ्या आणि घरच्यांना आधी कळवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण वाचा. टोपणनाव तिथे नको.

राहिला पैशांचा विषय. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाचाही विचार होतो, म्हणून कॉलेजकडून हळूच विचारणा होते, "तुमची बॅच काय जाहीर करणार?" ग्रुपवर ठरल्याशिवाय मंचावरून आकडा बोलू नका. एकदा बोललात की वसुली तुमच्याच माथी. देणगी द्यायचं ठरलंच तर पैसे माजी विद्यार्थी संघाच्या खात्यात जाऊ द्या, तुमच्या वैयक्तिक खात्यात नको. ८०जीची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी पावती मिळते का, ते आधी विचारा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही.

कार्यक्रम संपला की दुरुस्त केलेली यादी माजी विद्यार्थी संघाच्या कार्यालयात द्या. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची नावं वेगळ्या पानावर ठेवू नका, आडनावाच्या क्रमाने सगळ्यांमध्येच घाला. फोनवर ज्याचं वाक्य घेतलं होतं, त्याला तुम्ही ते मंचावर म्हणतानाचा व्हिडिओ त्याच रात्री पाठवा.