दीवमधली संध्याकाळ: आधी किल्ला, मग सूर्य, बंदर शेवटी

दीवला आलेली बहुतेक मंडळी दुपारी जेवून आडवी होतात, पाचला उठतात आणि साडेपाचला किल्ल्याच्या दारात पोहोचतात. किल्ला सहाला बंद होतो. अर्ध्या तासात तो धड पाहून होत नाही आणि तिथून समुद्रात बुडणारा सूर्यही दिसत नाही, कारण किल्ला बेटाच्या पूर्व टोकाला आहे. पश्चिमेला सगळं शहर आडवं येतं.

म्हणून साडेतीनलाच निघा. पहिल्यांदा नायडा गुहा. किल्ल्यासाठी दगड काढून ही पोकळी झाली असं सांगतात. वरच्या भोकांतून ऊन आत उतरतं तेवढा वेळच तिथे मजा; ऊन कललं की आत अंधार आणि फोटोत नुसता काळोख. जमीन ओबडधोबड आहे, बूट घाला. अर्धा तास पुरतो. जवळच तटबंदीतला झांपा दरवाजा आहे, त्यावरचे सिंह आणि देवदूत जाता जाता पाहा.

सव्वाचारच्या आत किल्ल्यात शिरा. हुमायूनच्या धाकामुळे गुजरातच्या बहादुरशहाने 1535 मध्ये पोर्तुगिजांना इथे किल्ला बांधू दिला. पुढे 1538 आणि 1546 च्या वेढ्यांत तो त्यांनी टिकवला. टिकला कसा ते खंदक पाहिल्यावर कळतं: तीन बाजूंना पाणी आणि जमिनीच्या बाजूला खडक फोडून काढलेला खंदक. तोफा बघत आधी दीपगृहाकडे जा आणि खाडीकडचा तट शेवटी ठेवा. तिथून पाणीकोठा, म्हणजे खाडीच्या पाण्यातला छोटा किल्ला, समोर दिसतो. फोटो इथेच काढायचा. तटाला सगळीकडे कठडे नाहीत. लहान मुलांचा हात सोडू नका.

किल्ल्यातून कधी निघायचं हे महिन्यावर ठरतं. दीवला सूर्य मुंबईपेक्षा सरासरी सात-आठ मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबरात सहा-दहाच्या सुमारास सूर्यास्त, म्हणजे सव्वापाचला बाहेर पडायलाच हवं. मेमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो. किल्ला बंद होईपर्यंत थांबलात तरी चालतं.

सूर्यास्ताला चक्रतीर्थाच्या किनाऱ्यावर जा. हिवाळ्यात सूर्य थेट समुद्रात बुडतो. मेच्या सुमारास तो उत्तरेकडे सरकलेला असतो आणि बेटाच्या जमिनीआड जातो, तेव्हा फार आशा धरू नका. इथेच आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 ला ही युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. रिक्षाने आलात तर जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवा, नाहीतर अंधारात पायपीट होते.

संध्याकाळी भरती असेल तर चक्रतीर्थ सोडून फुदम गावच्या गंगेश्वर मंदिरात जाणं जास्त चांगलं. कपारीतल्या पाच शिवलिंगांवर लाटा येऊन फुटतात. ओहोटीला तिथे नुसता ओला खडक. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे काल कुणी पाहिलेली वेळ आज उपयोगाची नाही. कोकणातला ‘तिथीची पाऊणपट’ (तिथीचा आकडा गुणिले पाऊण म्हणजे पूर्ण भरतीची वेळ) हा हिशेब इथे अंदाजापुरताच घ्या, त्या दिवसाचं वेळापत्रक बघा. पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. चप्पल काढून, हात धरूनच उतरा.

काळोख पडल्यावर बंदर रस्ता. किल्ल्यापासून पश्चिमेकडे, खाडी उजव्या हाताला ठेवून चालायचं. खाडीपलीकडे घोघल्याचे दिवे दिसतात. मासे खायचे तर मेनूकार्ड मिटा आणि आज काय आलंय ते विचारा. वजन आणि भाव दोन्ही शिजवण्याआधी ठरवा. पापलेट-लॉबस्टरचा हिशेब ताटात आल्यावर कळला तर भांडणच होतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ‘ताजा’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

दीवमध्ये दारू उघड मिळते, गुजरातेत बंदी आहे. पूल ओलांडून घोघल्याला गेलात तरी तुम्ही दीवच्याच हद्दीत असता. गुजरात त्याच्या पुढे लागतं. उनाकडे किंवा वेरावळकडे परतताना सामानात एकही बाटली ठेवू नका. नाक्यावर बॅगा तपासतात. स्कूटर भाड्याने घेतली असेल तर ती पिऊन चालवू नका. परत करताना वाद नको म्हणून घेतानाच ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा.