मोटारसायकलचे मागचे चाक तिरके बसले आहे का, हे घरच्या घरी दोऱ्याने कसे तपासावे

अक्कलकोट रस्त्यावर मागचे चाक पंक्चर झाले, चाक उतरवून ट्यूब बदलली आणि पुन्हा बसवली. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी गाडी डावीकडे झुकू लागली आणि चेनमधून घासल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला. पंक्चर काढणाऱ्याने चिमट्यावरच्या (मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांवरच्या) दोन्ही बाजूंच्या रेघा बरोबर जुळवल्या होत्या, त्यामुळे चाक सरळच असणार, असे मलाही वाटले. त्या रेघांवर विसंबणे हीच मुख्य चूक होती. रेघा अचूक कोरलेल्या असतीलच असे नाही, आणि एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) टोकांना बसणाऱ्या, चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या अॅडजस्टरच्या पट्ट्यांतही थोडी ढिलाई असते. चाक सरळ आहे की नाही, याची खात्री मोजल्याशिवाय होत नाही.

आधी लक्षणांची छाननी करावी. हँडल हलके धरून गाडी एका बाजूला जात असेल, तर पहिल्यांदा दोन्ही टायरमधली हवा आणि रस्त्याचा उतार पाहावा, कारण पुण्या-हैदराबादकडे जाणारा महामार्गसुद्धा कडेकडे उतरता असतो आणि चांगली गाडीही तिकडे ओढली जाते. चाचणीसाठी दोन्ही हात सोडून गाडी चालवू नये. यापेक्षा भरवशाची खूण मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रावर मिळते: दातांची एकच बाजू घासून चकाकत असेल आणि दुसरी बाजू काळीच राहिली असेल, तर चेन तिरकी ओढली जात आहे असे समजावे. चेनच्या आतल्या पट्ट्यांवरही एकाच बाजूला अशी चमक दिसते.

दोरा लावण्यापूर्वी ज्या बिघाडांमुळे मोजमापच खोटे ठरते, ते वगळावे लागतात. इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रल ठेवून गाडी डबल स्टँडवर घ्यावी. चिमट्याला एक पेन धरून चाक हाताने हळू फिरवावे आणि रिम व पेन यांच्यातली फट पाहावी. ती एका फेऱ्यात साधारण २ मिमीपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल, तर आधी रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा. चाक फिरवताना बोटे चेन आणि स्प्रॉकेटपासून लांब ठेवावीत. नंतर चाक वरून-खालून धरून आडवे हलवावे. चाकच डगडगत असेल तर बेअरिंग पाहावे. चिमट्यासकट हलत असेल तर चिमट्याचे बुश (तो जिथे चासीला जोडला जातो तिथल्या नळ्या) झिजले आहेत. असे चाक आज सरळ बसवले तरी पहिल्या खड्ड्यात पुन्हा हलते.

आता दोरा. सोलापुरात सुताला तोटा नाही, परंतु सुती धागा सैलावतो आणि त्याची कुसे टायरला अडकतात, म्हणून गवंडी वापरतात तो नायलॉनचा बारीक दोरा घ्यावा. त्याचा मध्य मागच्या टायरच्या मागच्या कडेला, जमेल तितक्या वर लावून दोन्ही टोके पुढच्या चाकाच्याही पुढे न्यावीत आणि दोन विटांना ताणून बांधावीत. सायलेन्सर, फूटरेस्ट किंवा स्टँडच्या पायाला दोरा कुठेही टेकता कामा नये. मग एकेक वीट थोडीथोडी आत सरकवावी, म्हणजे दोरा मागच्या टायरच्या पुढच्या कडेलाही नुसता स्पर्श करील. स्पर्श होताच थांबावे. दोरा तिथे वाकला तर वीट पुन्हा बाहेर न्यावी. या एका गोष्टीला घाई केली तर पुढचे सगळे आकडे चुकतात. दोन्ही टायर सारख्याच रुंदीचे असतील, जसे अनेक रोजच्या वापराच्या गाड्यांत असते, तर मागच्या टायर आणि दोऱ्यामध्ये दोन्ही बाजूंना, पुढच्या व मागच्या कडेला, एकाच जाडीच्या पट्ट्या घालाव्यात, नाहीतर पुढे मोजायला फटच उरत नाही.

नंतर हँडल असे धरावे की पुढचे चाक दोऱ्यांना समांतर राहील, म्हणजे एकाच बाजूची पुढची व मागची फट सारखी येईल. मग डाव्या आणि उजव्या फटीची तुलना करावी. माझ्या गाडीत डावीकडे १४ मिमी आणि उजवीकडे ६ मिमी फट आली, म्हणजे मागचे चाक डावीकडे तोंड करून बसले होते. ज्या बाजूची फट मोठी, त्या बाजूचे एक्सलचे टोक जास्त मागे गेलेले असते. दोन्ही अॅडजस्टरमध्ये सुमारे २० सेंमी अंतर आणि दोन्ही चाकांच्या मध्यांत सुमारे १३० सेंमी अंतर धरले, तर मागे एका मिलिमीटरचा फरक पुढे साडेसहा मिलिमीटर होऊन दिसतो. दोऱ्याचे बळ या पटीत आहे; जो फरक चिमट्याच्या रेघेवर डोळ्याला दिसत नाही, तो इथे लपत नाही.

दुरुस्ती थोडक्यात होते. एक्सलचा नट सैल करून माझ्या गाडीत उजवा अॅडजस्टर सुमारे अर्धा फेरा आवळला, आणि फटी जुळल्या. त्यानंतर चेनची ढिलाई पुन्हा पाहावी, आणि ती चाक फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ असेल तिथे मोजावी. किती ठेवायची हे चेन कव्हरवरील स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकचा पाय दाबून धरून एक्सल आवळावा, म्हणजे ब्रेक शू मध्यभागी बसतात. नट आवळताना चाक पुन्हा किंचित सरकते, म्हणून नट पक्का झाल्यावर फटी पुन्हा मोजाव्यात.

फटी जुळूनही चेन मागच्या स्प्रॉकेटवर तिरकी उतरताना दिसत असेल, किंवा अॅडजस्टर कसेही फिरवले तरी पुढच्या फटी जुळतच नसतील, तर स्पेसरची (चाक आणि चिमटा यांच्यामध्ये एक्सलवर बसणाऱ्या नळ्यांची) अदलाबदल झाली आहे का ते प्रथम पाहावे. पंक्चरच्या वेळी दोन बाजूंचे स्पेसर उलटसुलट बसणे ही वारंवार होणारी गोष्ट आहे. स्पेसर जागेवर असतील तर चिमटा किंवा चासी वाकली असण्याची शक्यता उरते. गाडी सरळ उभी ठेवून मागून पाहावे: दोन्ही चाके एकमेकांच्या मागे उभी दिसण्याऐवजी एक कललेले दिसले, तर ओळंबा लावून ते पक्के करावे. असे आढळल्यास अॅडजस्टरने दोष झाकण्याचा प्रयत्न करू नये. चासी सरळ करणाऱ्या अनुभवी कारागिराकडे गाडी न्यावी, आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून सोबत द्यावेत.