कोल्हापुरात माजी सैनिक महिलांचा गट कसा उभा करावा

‘मन मोकळं करायला या’ असा निरोप धाडलात तर कुणी फिरकणार नाही. ‘हयातीचा दाखला आणि नावातल्या दुरुस्त्या, कागद घेऊन या’ असा धाडलात तर चंदगडहूनही बाई येईल. म्हणून सुरुवात कागदांनी करा. बोलण्याची बैठक मात्र वेगळ्या दिवशी ठेवा. दोन्ही एकत्र केलं की होतं काय, एकजण झोप लागत नाही म्हणून सांगायला लागते आणि शेजारची तिला पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, नंबर विचारते.

आधी गटात कोण, हे ठरवा. डॉक्टर आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सिस्टर यांची परंपरा जुनी आहे. लष्कराच्या इतर शाखांत महिला अधिकारी 1992 पासून आल्या. मिलिटरी पोलिसातल्या महिला जवानांची पहिली तुकडी 2021 मध्ये बाहेर पडली, आणि आता चार वर्षांची नोकरी संपवून अग्निवीर मुली परततील. अग्निवीराला सरकारी नियमात माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदवहीत ती सापडायची नाही. तुमची व्याख्या साधी ठेवा: जिनं वर्दी घातली ती आपली. वीरपत्नी आणि वीरमातांना कागदाच्या बैठकीला जरूर बोलवा, पण बोलण्याची बैठक स्वतः नोकरी केलेल्यांचीच असू द्या. वीरपत्नी-वीरमातांची दुखणी वेगळी आहेत. त्यांचाही स्वतंत्र गट व्हावा.

शोधायचं कसं? कार्यालयाकडे फोन नंबरांची यादी मागू नका. ती मिळणार नाही आणि मिळूही नये. त्याऐवजी एक छोटी चिठ्ठी छापून द्या आणि ती पोचवायची विनंती करा. तशीच चिठ्ठी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकच्या आणि लष्करी कॅन्टीनच्या फलकावर परवानगी घेऊन लावा. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात ग्रामपंचायतीला सांगितलं की निरोप घरोघर जातो. चिठ्ठीवर एका बाईचा नंबर आणि फोन करण्याची वेळ असावी. तो नंबर घरच्या पुरुषाचा नको. अर्ध्या बायका तिथंच फोन ठेवतात.

जागा मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाण्याइतकी जवळ बघा. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, पण गडहिंग्लज-आजऱ्याची बाई संध्याकाळी घरी पोचली पाहिजे, म्हणून वेळ अकरा ते एक. नवरात्रात शहरात शिरणंच नको. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चाललं की बैठक सरळ फोनवर घ्या. आणि हळदीकुंकवाला जोडून बैठक ठेवू नका. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं केला खरा, पण सगळी गावं हेरवाड नाहीत. विधवा सदस्य दारातूनच परत जाते, आणि का गेली ते सांगतही नाही.

कागदाची बैठक

प्रत्येकीनं डिस्चार्ज बुक किंवा रिलीज ऑर्डर, पीपीओ असल्यास तो, आधार, पॅन, बँक पासबुक आणि दोन फोटो आणायचे. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही. पहिलं काम: पाचही ठिकाणचं नाव एका कागदावर एकाखाली एक लिहा. पुरुषांना क्वचितच येणारी अडचण इथं हमखास निघते. नोकरी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या, पासबुकात मधलं नाव गायब. अशा वेळी हयातीचा दाखला अडतो आणि पेन्शन थांबते. पीपीओवरचं नाव पाया धरून बाकीचे कागद त्याला जुळवणं सहसा कमी कटकटीचं. पण कुठलाही बदल करण्याआधी कार्यालयात विचारा, नाहीतर एक दुरुस्ती दुसरी बिघडवते. स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवरचा दाखला बहुतेकींना नोव्हेंबरात भरायचा असतो. ऑक्टोबरच्या बैठकीत सगळ्यांचे मोबाईल नंबर तपासून घ्या, कारण ओटीपी मुलाच्या जुन्या सिमवर जातो.

शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठराविक वर्षांच्या करारावर अधिकाऱ्याची नोकरी, करून आलेल्यांना बहुधा पेन्शन नसते, ग्रॅच्युइटी असते. म्हणून त्या स्वतःला ‘माजी सैनिक’ समजतच नाहीत. करारातली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह सुटलेली अधिकारी माजी सैनिकच असते; तिची नोंदणी करून ओळखपत्र घ्या. ईसीएचएसबद्दलही तसाच गैरसमज आहे: 2019 च्या निर्णयानं शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनाही एकरकमी वर्गणी भरून ते दार उघडलं. माजी सैनिकांना घरपट्टी माफीचा राज्याचा निर्णय 2020 चा. अर्जाआधी बघा, घर उताऱ्यावर कुणाच्या नावावर आहे. वाद कोर्टाच्या दिशेनं चालला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथं महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

बोलण्याची बैठक

सहा ते आठ जणी, दीड तास, महिन्यातून एकदा. जास्त झाल्या तर दोन गट करा. दारात रँक ठेवून यायची: सत्तरीच्या निवृत्त कर्नल मॅडम आणि बावीस वर्षांची अग्निवीर, दोघी इथं ताई. हे बोलायला सोपं, पाळायला अवघड. मॅडम बोलायला लागल्या की लहान मुलगी आपोआप ‘सावधान’मध्ये बसते. उपाय एकच, पहिली पाळी सगळ्यात लहान सदस्याची.

प्रत्येकीला दहा मिनिटं. मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि तिनं मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. ‘आमच्या वेळी याहून वाईट होतं’ हे वाक्य बंद. नोकरीतल्या छळाबद्दल कुणी बोललं तर नाव, युनिट, तारीख खोदून विचारू नका. तक्रार करायची की नाही हा तिचा निर्णय. ऐकलेलं घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही. कोल्हापुरात नातीगोती इतकी गुंतलेली की तिसऱ्या दिवशी ते तिच्या नणंदेपर्यंत जातं, आणि एकदा तसं झालं की गट संपला समजा.

‘जगण्यात अर्थ नाही’ असं कुणी म्हटलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. होय म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, तिथंच 14416 वर टेली-मानसला फोन लावा. धोका तातडीचा असेल तर 112. नंतर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात कुणीतरी सोबत जा. गट म्हणजे उपचार नव्हे. गटप्रमुखानं रात्री-अपरात्री स्वतःच सगळ्यांना सांभाळायचं ठरवलं तर पहिली तीच खचते. म्हणून फोनची पाळी दोघींत वाटून घ्या, आठवड्याआड.

व्हॉट्सॲपवर दोन गट करा. सूचनांच्या गटात फक्त दोघींनाच लिहिता येईल असं ठेवा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली दाखल्याची तारीख बुडते. दुसऱ्या गटात गप्पा चालू द्या, पण कुणाच्या आजाराचे कागद किंवा पीपीओचा फोटो तिथं टाकू देऊ नका.

पैशांचं थोडक्यात. महिना शंभर रुपये चहापाण्याला आणि झेरॉक्सला पुरतात. यातून कुणाला उसने देऊ नका. कर्जासाठी बचत गट वेगळा काढा. संस्था नोंदणीला किमान सात जणी लागतात, पण ती घाई पहिल्या वर्षी करू नका, नाहीतर बैठकीतला वेळ अध्यक्ष कोण यातच जातो. तोवर हिशोबाची वही एकीकडे, रोकड दुसरीकडे, आणि दर बैठकीत दोन्ही सगळ्यांसमोर जुळवायच्या.