गोडाऊनमधली फोर्कलिफ्ट: या चुका टाळा

‘दोन टनांची मशीन आहे, दोन टन उचलणारच,’ ही समजूत सगळ्यात घातक. ही क्षमता बहुतेक ५०० मिलिमीटर लोड सेंटर धरून दिलेली असते, म्हणजे फोर्कच्या (माल उचलणाऱ्या दांड्यांच्या) उभ्या भागापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. १२०० मिलिमीटर लांबीचं पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) फोर्क लांबीच्या दिशेने घालून उचललं की ते अंतर ६०० होतं आणि क्षमता घटते. मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा खांब) उंच गेला की आणखी घटते. खरे आकडे मशीनवरच्या प्लेटवर असतात. प्लेट पुसट झाली असेल तर नवी बसवून घ्या. मागची चाकं उचलली जातात म्हणून काउंटरवेटवर (मशीनच्या मागच्या तोल सांभाळणाऱ्या वजनावर) माणूस उभा करू नका. माल कमी करा.

माल वर ठेवून वळणं ही दुसरी चूक. फोर्क जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवर, मास्ट किंचित मागे झुकलेला, मगच चाल. स्टिअरिंग मागच्या चाकांवर असल्यामुळे वळताना मशीनची शेपटी बाहेर फेकली जाते. रॅकला टेकून उभा असलेला माणूस तिथेच चेपतो. मालामुळे समोरचं दिसत नसेल तर रिव्हर्समध्ये चालवा. उतारावर मात्र माल नेहमी चढाच्या बाजूला.

मशीन कलंडू लागली की उडी मारावीशी वाटते, आणि जीव तिथेच जातो: बाहेर पडलेल्या माणसावर डोक्यावरचं छत येतं. बसून चालवायच्या मशीनमध्ये बेल्ट लावलेला हवा. स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा, पडत्या बाजूच्या उलट झुका. उभ्याने चालवायच्या, मागून उघड्या रीच ट्रकमधून (उंच रॅकच्या अरुंद गल्ल्यांसाठीच्या फोर्कलिफ्टमधून) मात्र मागे पाऊल टाकून बाहेर पडतात.

दिवाळीच्या गर्दीत पायवाटेवर पॅलेट रचले जातात आणि पिकिंग करणारे (ऑर्डरचा माल रॅकमधून काढणारे) मशीनच्या वाटेत येतात. पायवाट मोकळी ठेवा. रॅकच्या वरच्या मजल्यावर माल ठेवताना पलीकडची गल्लीही बंद करा. मागे ढकललेला खोका तिकडेच पडतो. हे फार कमी ठिकाणी पाळलं जातं. रिकाम्या पॅलेटवर माणूस वर चढवणं तर सरळ बंदच करा.

डॉकवर (माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर) ट्रकच्या चाकांखाली ठोकळे लावा आणि ट्रकची चावी सुपरवायझरकडे ठेवा, नाहीतर फोर्कलिफ्ट आत असतानाच ट्रक पुढे सरकतो.

रोज पाळी सुरू होताना ब्रेक, हॉर्न, चेन आणि हायड्रॉलिक तेलाची गळती बघा. फोर्कची जाडी टाचेजवळ (आडवा भाग उभ्याला मिळतो तिथे) अधूनमधून मोजा: १० टक्के झीज, म्हणजे ४० मिलिमीटरचा फोर्क ३६ वर आला, की तो बदलायचा. वेल्डिंग करून चालवायचा नाही.