गाईड चांगले आहेत, मग प्रबंध का अडला? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत शिक्षणशास्त्राची पीएच.डी. करणारी व्यक्ती पुष्कळदा आधी शिक्षक असते. शाळा, पेपर तपासणी, घर आणि उरलेल्या वेळात संशोधन. गाईड मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात असतील, तर वाशीहून हार्बरने कुर्ला आणि पुढे बस. ठाण्याहून निघालात तरी उतरायचं कुर्ल्यालाच. जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो आणि भेट होते दहा मिनिटांची. त्या दहा मिनिटांत ‘काय चाललंय?’, ‘चाललंय सर’ एवढंच झालं, तर गाईड कितीही प्रेमळ असोत, प्रबंध जागचा हलत नाही.

‘पूर्ण झालं की दाखवतो’

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ८० पानांचं साहित्य-परीक्षण (विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा) एकदम गाईडच्या हाती दिलं, तर ते महिनाभर टेबलावर पडून राहणार. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. त्या गर्दीत लवकर वाचलं जातं ते थोडकं लिखाण. दर तीन आठवड्यांनी पाच-सहा पानं द्या, कच्ची असली तरी चालतील.

सोबतचा निरोपही नेमका हवा. ‘मॅडम, वेळ मिळेल तेव्हा बघा’ याला उत्तर येत नाही, कारण त्यात काही विचारलेलंच नसतं. त्याऐवजी असं लिहा: ‘मॅडम, प्रकरण २ची पानं १८ ते २३ पाठवली आहेत. दोन शंका आहेत. शिक्षक-प्रेरणा आणि कार्यसमाधान यांची मांडणी वेगळी ठेवू का? पान २१वरचं वर्गीकरण पटतंय का? शनिवारी भेटायचं आहे, त्याआधी एवढं पाहिलंत तरी पुरे.’ दोन शंकांना दोन ओळींचं उत्तर लोकलमध्ये उभं राहूनही देता येतं.

भेट झाली, नोंद नाही

मार्चमध्ये गाईड म्हणाले, नमुना (पाहणीसाठी निवडलेल्या शाळा) वाढवा. सप्टेंबरमध्ये तेच विचारतात, एवढ्या शाळा कशाला घेतल्या? यात लबाडी नसते, दरम्यान इतर संशोधकांचे विषय डोक्यातून गेलेले असतात. भेटीनंतर २४ तासांत तीन ओळींचा ईमेल करा: काय ठरलं, कोण काय करणार, पुढची भेट कधी. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं.

‘छान आहे, पुढे चला’

ही चूक गाईडची. न वाचता दिलेली शाबासकी संशोधकाला त्या दिवशी बरी वाटते आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) भोवते. शिक्षणशास्त्रात हे सर्वांत जास्त घडतं ते प्रश्नावलीच्या बाबतीत. हे विधान पाहा:

‘मुख्याध्यापक शिक्षकांना प्रोत्साहन देतात व निर्णयात सहभागी करून घेतात.’

वाचायला निर्दोष वाटतं. पण मुख्याध्यापक पाठ थोपटत असतील आणि निर्णय मात्र स्वतःच घेत असतील, तर शिक्षकाने खूण कुठे करायची? तो मधल्या ‘तटस्थ’वर करतो. अशी आठ-दहा विधानं असली की निम्मा तक्ता तटस्थ भरतो आणि निष्कर्ष गुळमुळीत निघतात. ‘व’, ‘आणि’, ‘तसेच’ असलेलं प्रत्येक विधान तोडून दोन करा.

दुसरा घोळ भाषांतराचा. ‘सेल्फ-एफिकसी’ची इंग्रजी मापनश्रेणी मराठीत आणताना सर्रास ‘आत्मविश्वास’ लिहिलं जातं. मूळ संकल्पना विशिष्ट काम आपल्याला जमेल या खात्रीची आहे. आत्मविश्वास त्याहून फार पसरट. एकाने मराठी करावं, मूळ श्रेणी न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणावं, आणि गाईडने दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून तासभर बसावं. तो एक तास वर्षभराच्या शाबासकीपेक्षा मोलाचा.

‘क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेचा आकडा) ०.८ आला, म्हणजे साधन, म्हणजे प्रश्नावली, पक्कं’ हाही गैरसमज. विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच अल्फा सांगतो. ती योग्य गोष्ट मोजतात का, हे तज्ज्ञांनी विधानागणिक पाहायचं असतं. ओळखीच्या बी.एड. कॉलेजातून चहाबरोबर मिळवलेल्या सहीला तज्ज्ञ-तपासणी म्हणत नाहीत.

नकाशा आणि कॅलेंडर न पाहता आखलेला नमुना

शीर्षकात ‘ठाणे जिल्हा’ आणि नमुन्यात खारघरच्या शाळा! पत्ता नवी मुंबईचा असला तरी खारघर रायगड जिल्ह्यात येतं आणि महापालिका पनवेलची आहे. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला, त्यामुळे त्याआधीची ठाण्याची आकडेवारी आजच्या सात तालुक्यांशी थेट ताडून पाहता येत नाही. हे सिनॉप्सिसच्या (संशोधन आराखड्याच्या) वेळीच गाईडच्या नजरेला यायला हवं.

परवानगीची पत्रंही वेगवेगळी लागतात. शहापूर-मुरबाडच्या प्राथमिक शाळांसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, महापालिका शाळांसाठी त्या त्या महापालिकेचा शिक्षण विभाग, खाजगी शाळांसाठी संस्थाचालक. गाईडच्या सहीचं, संशोधन केंद्राच्या लेटरहेडवरचं पत्र मे महिन्यातच हातात असू द्या. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. जुलै ते सप्टेंबर हा त्यातल्या त्यात निवांत काळ. पुढे सत्र परीक्षा, दिवाळी, मग स्नेहसंमेलनं, आणि मधेच निवडणुकीची ड्यूटी. सहा आठवड्यांचा प्रयोग डिसेंबरमध्ये सुरू केला की उत्तरचाचणीला (प्रयोगानंतरच्या चाचणीला) अर्धा वर्ग नाचाच्या सरावाला गेलेला असतो.

आरएसीला घाबरून राहणं

नियमाप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजेच आरएसीपुढे, सादरीकरण करून प्रगती अहवाल द्यावा लागतो. बरेच जण तिथे सगळं आलबेल असल्याचं दाखवतात. अडचण लपवायची जागा ती नव्हे. शाळांनी परवानगी नाकारली, साधन बदलावं लागलं, गाईडशी भेटी होत नाहीत, हे अहवालात साध्या शब्दांत लिहा. प्रगती असमाधानकारक ठरली, तर कारणं नोंदवून उपाय सुचवणं हे समितीचंच काम आहे.

पीएच.डी.चा कालावधीही डोळ्यांसमोर ठेवा. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुनर्नोंदणी केल्यास आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढे २ वर्षांची सवलत मिळते. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ती ‘मॅडमना काय वाटेल’ म्हणून न मागणाऱ्या मुली आजही आहेत, तेव्हा गाईडनेच आपणहून सांगावं.

नोंदणीआधी गाईडची निवृत्ती कधी, हे विचारायला संकोचू नका. सेवेची ३ वर्षंही उरली नसतील तर त्यांना नवा संशोधक घेता येत नाही. निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच.

साम्य अहवालही (आपलं लिखाण इतरांच्या लिखाणाशी किती जुळतं याचा) शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, प्रत्येक प्रकरण झालं की काढा. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत फेरसादरीकरणाची पाळी येते.

उत्तरच येत नसेल तर

१५ दिवस थांबा. मग त्याच ईमेलखाली, तारीख घालून, एकच प्रश्न विचारा. आणखी १५ दिवसांनी विभागप्रमुखांची वेळ घ्या आणि भेटींच्या नोंदी सोबत न्या. संशोधकांच्या ग्रुपवर गाऱ्हाणं मांडू नका, ते संध्याकाळपर्यंत गाईडच्या कानावर जातं. कॉलेजचे कार्यक्रम किंवा गाईडच्या लेखांची टायपिंगं अंगावर पडू लागली असतील, तर ‘सर, या महिन्यात प्रकरण ३ द्यायचं ठरलंय’ एवढं म्हणून तारखेवर बोट ठेवा.

आणि गाईडसाठी: चार महिने गायब असलेला संशोधक बहुधा आळशी नसतो, लाजलेला असतो. ‘किती लिहून झालं?’ असं विचारलं की तो फोनच उचलत नाही. ‘कुठे अडलंय? आहेत तशी तीन पानं शुक्रवारपर्यंत पाठवा, रविवारी फोनवर बोलू’ असा निरोप धाडा आणि रविवारी फोन तुम्हीच करा.